मूस

सर्जेरावमामानं विट्याच्या आधार केंद्रात
काचेवर अंगठा ठेवला.
मशीन म्हणालं, नाही.
पोरगी म्हणाली, पुसून ठेवा.
दहाही बोटं झाली. नाही.

चाळीस वर्षं तेजाबात हात.
रेघा कधी गेल्या, त्यालाही आठवत नाही.
मामा हसला, "बाई,
ह्या बोटांनी राजे वितळवलेत."

खोटं नव्हतं ते.
सोळाव्या वर्षी लेंगऱ्याचा हा पोरगा
मिरजेला गाडीत बसला, कोचीला उतरला.
सोन्याला भाषा लागत नाही, गलाईचा मालक म्हणाला होता.
पण सोन्यावरच तर सगळ्यात जास्त लिहिलेलं असतं.

गिन्नीवर पंचम जॉर्ज, मागं घोड्यावरचा भालाईत.
इराणच्या हाकललेल्या राजाचं नाणं.
दोन डोक्यांचा गरुड, ज्याचा देश
शाळेच्या नकाशात मामाला कधी सापडला नाही.
टाकणखाराची चिमूट, मुशीत लाल उजेड.
आधी नाक जातं, मग मुकुट.
साल सगळ्यात शेवटी.
राजाला आणि राणीला आच सारखीच लागते,
एवढं राजकारण मामाला कळत होतं.

नव्वदच्या ऑगस्टात कुवेत पडलं.
रेडिओवर तेलाचे भाव,
भट्टीपुढं बायकांची रांग.
एलिकुट्टी नावाची नर्स,
वाळवंटातून अम्मानपर्यंत बसनं आलेली,
बांगड्या पोटरीच्या बँडेजखाली.
दिनार कुणी घेईना. आठ वर्षांचा पगार,
नुसता छापील कागद.
ती म्हणाली, वितळव,
पण वजन मोठ्यानं वाच.
मामानं मल्याळीत आकडा वाचला,
दोनदा.
त्या दिवसापासून हिशेब तो त्याच भाषेत करतो,
मनातल्या मनात, अजूनही.

तिकडं सगळे त्याला सेट्टू म्हणायचे.
इकडं जत्रेला आला की कोचीवाला.

मी त्याचा अंगठा हातात घेऊन बघितला.
गुळगुळीत.
शिक्का मारायच्या आधी लगड असते तसा.

"डोळे उघडे ठेवा, आजोबा. मोठे."
भट्टीनं भाजलेल्या त्या बुबुळांत
मशीनला काहीतरी सापडलं एकदाचं.

"कायमचा पत्ता?"
मामा भराभर सांगायला लागला,
एर्नाकुलम, सहा ब्याऐंशी शून्य...
मग थांबला.
माझ्याकडं वळून हळूच म्हणाला,
"आपला पिन काय रं?"