जोडी

यादीत माझ्या नावापुढे पुन्हा हानुस.
फोन उचलला, ठेवला.
नेमणुका करणाऱ्या मार्गुनला सांगणार काय?
की गेल्या हिवाळ्यात, भर सामन्यात,
मी दिलेली पेनल्टी त्यानं हात हलवून पुसली
आणि प्रेक्षकांत माझी आई होती?

हँडबॉलला पंच दोन. क्लाक्सविकला जायला गाडी एकच.
समुद्राखालच्या बोगद्यात
त्याच्या खिशातल्या सुक्या मटणाचा वास
आणि आमचं न बोलणं.
पलीकडचा उजेड दिसायच्या आत म्हणून टाकलं,
"चुकले तर कानात सांग. चारचौघांत नको."
त्यानं वायपर लावले. पाऊस नव्हता.

एकोणपन्नासाव्या मिनिटाला
माझ्यासमोर तीन पाठी, मधे कुठंतरी चेंडू.
शिट्टी वाजवली, अंदाजानंच.
तो गोलरेषेवरून निघाला.
सगळा हॉल उभा.
चालत आला, धावत नाही,
वाकून म्हणाला, "पाय रेषेच्या आत होता."
हात मीच फिरवला. शिव्याही मीच खाल्ल्या.

परतताना बोगद्यात तेच मौन, तोच वास.
फक्त गिअरपाशी, कागदावर,
एक तुकडा
माझ्या बाजूला सरकवलेला.

मला आवडत नाही ते मटण.
खाल्लं.