जावक

धुळ्याच्या जेलात मी फाटकावरचं रजिस्टर लिहितो.
कुलपं, ताटल्या, शिवणखात्यातल्या सुया,
संध्याकाळी बंदीच्या वेळी माणसं.
मोजल्याशिवाय इथं दिवस मावळत नाही.

दोन वर्षांपूर्वी मागच्या भिंतीशी खड्डे खणले.
केळीची सालं, करपलेल्या पोळ्या,
कडुनिंबाचा पाला सगळा तिकडे;
न्हाणीचं पाणी पाटानं भरताच्या वांग्यांना.
मग वरून कागद आला:
गांडुळांची संख्या कळवावी.

खड्ड्यावर उखर्डू झिपरू महाले, शिरपूरकडचा,
सातातली चार वर्षं झालेला.
"गांडूळ मोजाले बसनू ते सजा सरी जाई, साहेब."
मी लिहिलं, असंख्य.
कागद परत आला. अंकात लिहावे.
मी लिहिलं, चार हजार.
तो चाळणी थांबवून म्हणाला,
"हाई आजनं का कालदिननं?"

त्याच्या आधीची तीन गेली होती,
म्हणून आईनं त्याला उकिरड्यावर ठेवलं.
शेजारणीनं सुपात उचललं
आणि सव्वा रुपयाला तिलाच परत विकलं.
सवयीनं मी विचारलं, पावती?
"शे ना. नाव शे."

शनिवारी पोती निघतात, नेरच्या रोपवाटिकेला.
नियम असा की फाटकावर
प्रत्येक पोत्याच्या पोटात गज खुपसायचा.
थंडीत तो बाहेर येतो काळा, ओला,
टोकाला जराशी वाफ.
मी लिहितो: जावक, खत, चाळीस किलो. सही.
उखर्डू पिवळ्या पट्ट्यापर्यंत येतो,
त्याच्यापुढे नाही.
टेम्पोवाल्याला दरवेळी एवढंच सांगतो,
"पोतं वापस धाडजो."

पोती येतात. तो ती उलटी करतो,
शिवणीत बोट घालून कोपरे झटकतो.
परवा एकातून निघालं
मूठभर पांझरेची रेती, गोखरूचा काटा,
कसलंसं बी.
मला वाटलं, हुंगेल, खिशात ठेवेल.
त्यानं ते सरळ खड्ड्यात सोडलं,
वर पाला ओढला,
हात पायजम्याला पुसले.

"आवकमां लिखा, साहेब."

मी रजिस्टर उघडलं.
आमचा काटा शंभर ग्रामच्या खालचं
काहीच दाखवत नाही.
वजनाचा रकाना तसाच ठेवून
मी तारीख घातली.