माटोळीला धरलेलं

आसगावात मी जिथं काम करते
त्या घराचे मालक विलायतेला गेले, चावी ठेवून.
त्यांच्या आजोबांच्या वेताच्या खुर्च्यांवर आता
लोक हात पसरून बसतात
आणि वर पितळी स्टँडला
पिवळी पिशवी लोंबते.
पिवळा रंग बी-कॉम्प्लेक्सचा.
क जीवनसत्त्व, झिंक वगैरे
रंगात भाग घेत नाहीत.

पांढरा गणवेश नको, म्हणाल्या मॅडम,
पांढऱ्यानं इस्पितळ आठवतं.
मला अबोली रंगाचा झगा दिलाय,
आणि एक वाक्य:
‘प्रतिकारशक्तीला आधार मिळतो.’
बरं करतं म्हणायचं नाही.
टाळतं म्हणायचं नाही.
आधार.
मयेला आमच्या कुळागरात
घड धरलेल्या केळीला देतात तसला,
दोन बांबूंची कात्री करून.
कात्रीनं घड वाढत नाही.
झाड पडत नाही इतकंच,
तेही वारा बेताचा असला तर.

मंगळवारी गुरगावचे एक गृहस्थ आले.
बावीस नंबरची निळी सुई. शीर बोटाखालून सरकली.
सॉरी म्हटलं, गरम पाण्याची पिशवी ठेवली मनगटावर.
घाई नाही, म्हणाले.
मग म्हणाले, भाऊ एकवीस साली गेला.
सिलिंडर मिळाला होता, मीच आणला खांद्यावरून,
रिकामा निघाला.
मग थेंबांकडे बघत:
आता मला काही होणार नाही ना?

दिलेलं वाक्य जिभेवर आलं.
बाहेर काढवेना, गिळवेना.
थेंब मोजले. मिनिटाला साठ.
‘ही शीर चांगली आहे,’ एवढंच म्हटलं.
खरंच चांगली होती.

महिनाअखेरीस मुदत संपणारी एक कुपी उरली.
डब्यात टाकायची, ती माझ्या पर्समध्ये पडली.
पडली, असंच म्हणते मी.
बाबा डेंग्यूतून उठले होते, उठले म्हणजे बसते झाले होते.
अठ्ठावीस वर्षं खाणीवर ट्रक चालवलेला माणूस
पेजेच्या वाडग्याला हात लावीना.
आरोग्यकेंद्रातले डॉक्टर म्हणाले होते,
पाणी पाजा, खाऊ द्या, बाकीचं शरीर बघून घेईल.
मला ठाऊक होतं ते बरोबर आहेत.
तरी सलाईनची बाटली आणली.

घरात स्टँड कुठला?
देवाच्या खोलीत माटोळीची चौकट वर्षभर तशीच असते,
भाद्रपदात तिला नारळाची जोडी, सुपारीचं शिपटं,
कांगलां, घागऱ्या, तोरिंजनं,
रानात जे सापडेल ते बांधायचं.
आता मोकळ्या लाकडाला
काथ्याचे जुने तुकडे तेवढे.
त्यातल्याच एकाला मी बाटली बांधली.
पिवळी, जड, देठाशी एक बुडबुडा.
आई दारातून म्हणाली, सुतक-बितक काही नाही ना गो त्याला?

बाबांची शीर शोधावी लागली नाही.
हात एवढे वाळलेले, की सगळ्या वरच आलेल्या,
पावसाआधी पाण्याचे पाट दिसावेत तशा.
दीड तास ते वर बघत पडले.
मीही बघत बसले. करण्यासारखं दुसरं काय होतं.

पहाटे न्हाणीघरातून हाक आली:
‘सगळी हळद व्हांवली गो!’
सात हजारांची, मी मनात म्हटलं.
त्यांना किंमत सांगितली नव्हती.

दुपारी दोन वाडगे पेज गेली, सुक्या बांगड्यासकट.
कशानं गेली, मला विचारू नका.
ताप सरून नववा दिवस होता.
बांगडा आईनं निखाऱ्यावर भाजला होता.
आमच्या नोंदवहीत असल्या गोष्टींना रकाना नाही.

काथ्याचा तो तुकडा मी सोडायला विसरले.
आता दर रविवारी,
मी चप्पल काढायच्या आत,
बाबा खोलीतून विचारतात,
‘माटोळीक कितें धरलां?’