उलटी झिजलेली निब

पहिलं पेन फसवं निघालं, हे आधीच सांगून टाकतो.
मनामाच्या जुन्या सूकमध्ये घेतलं, अकरा दिनारांना.
सोनेरी पट्टा, आणि टोपण लावताना
टक् असा श्रीमंत आवाज.
खोलीवर आणून शाई भरली
तर ते बोटांवर ओकलं, उशीच्या अभ्र्यावर ओकलं,
कागदावर मात्र एक अक्षर नाही.
शेजारच्या खाटेवरून तुळशीदास पेडणेकर म्हणाला,
"अकरा दिनारात महिन्याची मासळी झाली असती रे."

दिवसभर मी बंदरावर कंटेनरचे आकडे टंकतो.
सहीसुद्धा आता यंत्रच करतं.
बारा वर्षांत इथे स्वतःच्या हातानं काय लिहिलं
ते आठवायला बसलो,
तर सापडली फ्रिजवरची एक चिठ्ठी:
'दूध संपलंय.'
तीही बॉलपेननं.

अब्दुलहुसेन घड्याळं दुरुस्त करतात, पेनंही.
दुकान एवढं अरुंद की गिऱ्हाईक आत आलं
की ऊन बाहेर राहतं.
त्यांनी माझं सोनेरी पेन उघडलं, हुंगलं,
आणि वडलांकडून आलेल्या हिंदीत म्हणाले,
डोक्यावरचा इगाल बघून
जावई पसंत करू नये.

मग माझ्या डोळ्याला त्यांचं भिंग.
निब इतक्या जवळून मी कधी पाहिली नव्हती:
दोन पाती, मधे केसाएवढी फट,
आणि फटीच्या टोकाला उजेड.
"आधी पाणी भर. रात्रभर उभं ठेव.
कुठून गळतं ते पाणीच सांगेल.
शाईला खोटं बोलता येतं, पाण्याला नाही."
आणि ऑगस्टमध्ये गाडीत पेन विसरलास
तर माझ्याकडे रडत येऊ नकोस, असंही.

दुसरं पेन त्यांनी खणातून काढलं, न विचारता.
एबोनाइटचं, एकेकाळी काळं,
आता कोऱ्या चहासारखं.
चोळलं की जुन्या सायकलच्या ट्यूबचा वास.
मुहर्रकच्या शाळेत व्याकरण शिकवणाऱ्या
कुणा मास्तरांचं होतं म्हणे.
चार दिनार, आणि तुझ्या लिपीतलं एक पान.

इस्त्रीच्या फळीवर वही ठेवून बसलो.
अक्षरं निघाली, बरी निघाली.
शिरोरेघ ओढायला गेलो आणि निब अडली.
कर्र. कागदाचा धागा उचलला तिनं,
पुन्हा ओढली, पुन्हा कर्र,
जणू कुणी पलीकडून
मनगट धरून ठेवलंय.

भिंगाखाली अब्दुलहुसेन हसले.
तीस वर्षं उजवीकडून डावीकडे चालली आहे ही.
एक कड गुळगुळीत, दुसरी कोरी.
बारीक पॉलिश पेपर काढला त्यांनी,
"दोन मिनिटांचं काम. घासू?"

का नको म्हणालो, नीट सांगता येत नाही.
दोन मिनिटांत तीस वर्षं जातील
असं काहीतरी मनात आलं असेल.
किंवा नुसताच हट्ट.

त्या रात्री तुळशीदास घोरत होता,
एसीचं पाणी बादलीत टपकत होतं.
मी 'दूध संपलंय' लिहिलं, रेघेशिवाय,
आणि निब य-च्या डोक्यावर ठेवून
मागे नेली.
ध-पाशी क्षणभर उचलली,
द-वर येऊन थांबलो.
आवाज नाही.
तेलावरून सरकावी तशी सरकली.
अनुस्वार राहिला होता, तो शेवटी दिला.

चिठ्ठी फ्रिजवर लावली.
सकाळी तुळशीदास दात घासता घासता
तिच्यासमोर बराच वेळ उभा.
"हे कुणाचं अक्षर?"
माझंच, म्हणालो,
पण थोडं अडखळलो.

आता बिस्किटांच्या डब्यात सात पेनं आहेत.
सोनेरीही आहे, त्याला टाकवत नाही.
याला संग्रह म्हणतात का ते ठाऊक नाही;
दर शुक्रवारी धुवून, पुसून,
टॉवेलवर ओळीनं निजवतो एवढंच.

कबूल केलेलं पान अब्दुलहुसेनना दिलं.
त्यांना त्यातलं एक अक्षर वाचता येत नाही.
त्यांनी ते उजेडात धरलं,
उजव्या टोकाला बोट टेकवलं
आणि रेघेवरून हळूहळू डावीकडे आले.
"इथून सुरू केलंस," म्हणाले,
आणि कुणाच्या तरी घड्याळाला
चावी देऊ लागले.