मानधन रुपये सातशे

पहाटे चारला देवगडच्या धक्क्याला पहिली लाँच लागते
आणि मी बर्फाच्या लाद्या मोजायला बसते.
अमोनियाचा वास, चुऱ्याच्या यंत्राचा खडखडाट.
पावतीपुस्तकात कार्बन सरकवताना आठवतं,
माझ्या राज्यातला राजा
दोन दिवस मरून पडलाय,
त्याला उठवायला सवड झालेली नाही.

लिहिते पावत्यांच्या पाठीवर.
शेठना हिशेबाची बाजू तेवढी लागते.
एकदा ‘वीस लादी, नौका जलकन्या’ याच्यामागे
सात डोळ्यांची राणी गेली
कोळंबीच्या गाडीतून रत्नागिरीला.
परत आली नाही.
तिच्यावाचून गोष्ट संपवली. बरी झाली.

सहा वर्षांत अकरा वेळा साभार परत.
एका संपादकांनी हिरव्या शाईनं लिहिलं होतं,
भाषा चांगली आहे, वास्तव लिहा.
मी खिडकीतून पाहिलं:
वास्तव एका पायावर उभं होतं बगळ्यासारखं,
मांदेलीच्या टोपलीवर नजर लावून.
त्याच्याबद्दल आणखी काय लिहायचं?

नारळी पौर्णिमेनंतर कोल्हापूरहून पत्र आलं,
देवमाशाची कथा घेतोय म्हणून.
त्या दिवशी मी तीन होड्यांना
एकेक लादी वर दिली
आणि महिनाअखेरीला पगारातून भरली.

अंक आला तो दिवाळी सरल्यावर,
पोस्टमन वायंगणकरांच्या पिशवीत
विजेच्या बिलांखाली दुमडून.
पान एकशे बेचाळीस.
वर उटण्याच्या साबणाची जाहिरात,
खाली खाडीवरून उडणारा माझा देवमासा,
आणि लेखक – हेमंत तांडेल.

आईनं चष्मा पुसून पुन्हा वाचलं.
‘ह्यो खंयचो?’
हेमांगीतली मी शोधत राहिले
त्या नावात, जाहिरातीत, पानाच्या मागे.
चेकसुद्धा हेमंतचाच.
बँकेतल्या बाईंनी आधार कार्ड पाहिलं, मला पाहिलं,
हलकेच म्हणाल्या, हे तुम्ही नाही.
इतकी वर्षं राक्षस आणि पऱ्या जन्माला घालतेय,
पण जिवंत झाला तो एकटा हाच,
आणि माझे सातशे रुपये घेऊन बसला.

संपादकांना कळवलं. उत्तर आलं दोन ओळींचं:
क्षमस्व. पुढच्या वर्षी नाव बरोबर छापू.
पहिली ओळ मी एकदा वाचली.
दुसरी, जेवणाआधी आणि जेवणानंतर.
पुढच्या वर्षी, म्हणतात!

अंक धक्काभर फिरला.
परत आला तेव्हा पानाला बांगड्याचं खवलं चिकटलेलं,
आणि मागोमाग सदू खलाशी,
हातात बिडी, न पेटवलेली.
म्हणाला, ‘देवमासो उडता, तां मी मानलंय.
बोलता, तांव मानलंय.
पण पहाटे मतलई जमनीसून दर्यात जाता.
तुझो मासो त्या वाऱ्यार गावात कसो इलो?’

मी गप्प.
कोणी तरी माझ्या खोट्यावर
इतका विश्वास ठेवला होता
की त्यातला वारा तपासून पाहिला.
चेक ट्रंकेत ठेवलाय, वटला नाही.
सदूचं वाक्य मात्र
रोज पहाटे मोडून खर्च करते.

आज कारखान्याचं मागलं दार उघडं ठेवलंय.
मानेवर गार काही तरी सरकतं,
आंब्याच्या कलमांवरून आलेलं,
आणि माझ्या पुढ्यातून जातं
लाँचींच्या दिव्यांकडे.
तशीच ओळ लिहिते, तिसऱ्या पावतीच्या पाठीवर.
राजा अजून मेलेलाच आहे.
पण त्याचे केस हलताहेत,
दर्याच्या दिशेनं.

‘हेमंता, तीस लादी दी गो!’
धक्क्यावर आता सगळे याच नावानं हाक मारतात.
थांब, म्हणते.
एक ओळ.