गाभडली का?

गवळीपुऱ्यातला पुसाराम तीन महिने तापत होता.
सकाळी माणूस, दिवेलागणीला भट्टी.
मेडिकलमध्ये त्याला मलेरिया झाला, मग टायफॉइड,
एका केसपेपरवर शिसपेन्सिलनं टीबीसुद्धा.
मी गेले होते त्याच्या म्हशीसाठी.
खांद्यापर्यंत हात आत, आणि तो खाटेवरून म्हणाला,
"मॅडम, माह्या कमरेचंही पाहून द्या न."

मी विचारलं, यंदा गाभडली का एखादी?
"एक नाही. तीन."
वार कोणी काढली?
त्यानं दोन्ही हात पुढे केले,
अजून ओले असल्यासारखे.

सेमिनरी हिल्सवर, आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये
मी पहिल्यांदा माणसाचा थेंब
जनावराच्या काचेवर ठेवला.
शेजारी गुलाबी औषधाचा थेंब.
चार मिनिटं काच हलवायची असते, सूप हलवतात तशी.
दुसऱ्याच मिनिटाला तो फुटला,
रवाळ झाला,
नासल्या दुधासारखा.

रिपोर्ट घेऊन मी वॉर्डात गेले
तेव्हा पोरगेला डॉक्टर हसून म्हणाला,
यात तुमचा पेशंट कोण, हा की म्हैस?
मी म्हटलं, अंतर मोजून सांगा.
गोठा आणि खाट यांच्यात एक पोत्याचा पडदा आहे.

पुढं मला आरोग्य खात्यात घेतलं.
सिव्हिल लाइन्स, लांब टेबल, काचेखाली जुनं कॅलेंडर,
माझ्या नावाच्या पाटीवर कंसात "पशु".
शिपाई राजेराम ती पाटी पुसताना
कंस तेवढा अंगठ्यानं झाकायचा.
मी काही बोलले नाही.
कंसातून बाहेर यायला नऊ वर्षं लागली,
आणि बाहेर आले तेव्हा खुर्चीवर टॉवेल होता,
दारावर लाल दिवा,
आणि हाताला शेणाचा वास नव्हता.
तोच शोधत मी कधी कधी बोटं हुंगायची, मीटिंगमध्ये.

आता खरं ते सांगते.
कुत्र्यांच्या लसीची फाईल आली होती माझ्याकडे.
बेरीज एका रकान्यात चुकली होती, सत्तर रुपयांनी.
मी लिहिलं, "पुन्हा सादर करावे."
सुंदर अक्षर आहे माझं.
फाईल अकरा दिवसांनी आली, बेरीज बरोबर.
भांडेवाडीच्या ढिगाऱ्यावर भंगार वेचणाऱ्या
एका पोराला कुत्रं चावलं ते सहाव्या दिवशी.
त्याच्या आईनं चुना लावला, वर हळद.
महिन्याभरानं पोरानं पाण्याच्या ग्लासाकडे पाठ केली
तेव्हा राजेरामनं सांगितलं मला, नाव न घेता,
पाटी पुसता पुसता.

कोणी चौकशी केली नाही.
सत्तर रुपयांवर कोण चौकशी करतं?

माझाही ताप येतो अधूनमधून.
मे महिना, बाहेर सेहेचाळीस, कूलरच्या ताट्या ओल्या,
आणि मी दुलई घेऊन थरथरते.
पुसारामच्या म्हशीनं दिलेलं आहे ते,
सर्व्हिस बुकात नोंद नाही.
नवरा म्हणतो, सांग ना कोणाला तरी.
मी क्रोसिन घेते आणि साडेदहाला सही करते.

काल रात्री मौद्याहून एका मुलीचा फोन आला,
नवी डॉक्टर, आवाजात अजून हॉस्टेल.
मॅडम, एक आजीबाई आल्यात, तीन आठवडे ताप,
सगळे रिपोर्ट नॉर्मल,
मग मी तुमचा तो प्रश्न विचारला.
गाभडली का?
हो म्हणाल्या. मागच्या अमावास्येला.
मी उठून बसले.
वार कोणी काढली?
थांबा, विचारते.
फोनमध्ये पंख्याचा करकर आवाज,
कोणीतरी खोकलं, कोणीतरी बाळाला चूप केलं.
मॅडम, सुनेनं काढली म्हणतात.
कितवा महिना?
गाईला? ती म्हणाली, ते नाही विचारलं...

गाईला नाही, बाळा.
सुनेला.