ओट्यावरचा वाघ

पट्टे मीच ओढले त्याचे, उन्हाळ्यात,
खानापूरची माती भाजून निघाल्यावर.
साहेब म्हणाले, जरा हसरा कर,
पार्कात लहान मुलं येणार.

पाटीवर ठळक हुली,
खाली बारीक अक्षरात वाघ.
तिकीट वीस रुपये. सेल्फीला ओटा.

काल भीमगडाकडून बिरू येडगे आला.
रीतसर तिकीट काढलं,
चपला फाटकाबाहेर ठेवल्या
आणि ओट्यावर नारळ फोडून म्हणाला,
"माझी चांदी म्हस नेलीस त्या साली.
राग न्हाई. पर रानात ऱ्हा."

वॉचमन शिवलिंग शिट्टी फुंकत धावला,
मग त्यानंही हात पुढं केला
खोबऱ्यासाठी.

मी ब्रश धूत होते.
बरं झालं,
हसू काढायचं राहूनच गेलं.